तान्हे बाळ आणि फोटोवाला

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, लढाया आठवतात, तह आणि सनावळ्या आठवतात. मी कॉलेजात हाच इतिहास शिकवतो. पण आज मी आपल्याला ज्या इतिहासाविषयी सांगणार आहे, तो कोणत्याही किल्ल्यावर घडलेला नाही. तो घडला फोटोच्या दुकानात. आणि त्याचा नायक आहे दहा-बारा दिवसांचे तान्हे बाळ. विषय ऐकून आपण कदाचित हसाल. पण थोडा धीर धरा, कारण हा विषय मला पुस्तकात सापडलेला नाही, धारणीच्या बाजारात सापडलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली सकाळ होती. मेळघाटातली थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना तिचे वर्णन नको. मला एका कागदासाठी माझा फोटो हवा होता, म्हणून मी एका छोट्या फोटोच्या दुकानात जाऊन बसलो होतो. माझ्या आधी एक कोरकू कुटुंब आले होते. तरुण आईबाप, आजी आणि बारा दिवसांचे बाळ. डोंगरातल्या गावाहून मोटारसायकलवर आले होते. बाळाचा एक फोटो आधारसाठी हवा होता, आणि एक घरात लावायला. पहिलेच लेकरू, हौस असणारच.

फोटोवाला उमेदीचा, कामाची आवड असलेला. मोबाईलवर पाहून त्याने एक नवी तऱ्हा शिकून घेतली होती. वेताची टोपली, तिच्यात पांढरे कापड, भोवती कागदी फुले, आणि मध्ये उघडे बाळ, हनुवटीखाली हाताची घडी. त्याने झबले काढायला लावले, टोपडे काढायला लावले. बाळाने पहिल्यांदा टाहो फोडला. हात झाडले, पाय झाडले. चार-पाच वेळा फोटो हलला. मग हळूहळू ते शांत झाले. फोटोवाल्याने समाधानाने मान हलवली. "आता कसं शहाण्यासारखं निजलं!" आम्हा सगळ्यांनाच बरे वाटले.

आजीला मात्र बरे वाटले नाही. ती उठली, टोपलीपाशी गेली आणि बाळाच्या तळपायाला तिने हात लावला. मग आपल्या मोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "निजलं नाई बापू, गार पडून रायलं लेकरू. फोटो मंग काढजो." एवढे बोलून तिने बाळ उचलले, लुगड्याच्या पदराआड छातीशी धरले आणि भिंतीला टेकून बसली. पाच-दहा मिनिटे दुकानात कोणी बोलले नाही. मग पदरातून बाळाचे रडणे ऐकू आले, आणि आजी हसली.

मी माझा फोटो न काढताच घरी आलो. त्या आजीने इतिहासाच्या प्राध्यापकाला एक प्रश्न घालून दिला होता. बाळ स्थिर झाले याचा फोटोवाल्याला आनंद झाला, आणि त्याच स्थिरपणाने आजी घाबरली. फोटोला स्थिरता हवी असते, आणि बाळाचे जीवन तर हालचालीत असते. ही ओढाताण कधीपासूनची? मी शोध घेऊ लागलो, आणि मग उमगले की फोटोग्राफी जितकी जुनी, तितकीच ही ओढाताणही जुनी आहे.

सन १८३९. फ्रान्समध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची युक्ती जगापुढे मांडली. उजेड पत्र्यावर पडू द्यायचा, मग पाऱ्याची वाफ द्यायची, की चित्र दिसू लागे. पण प्रारंभी भर उन्हातही उजेड कित्येक मिनिटे पडू द्यावा लागे. तेवढा वेळ झाड उभे राहील, देऊळ उभे राहील, माणूस कसा राहणार? पुढच्या काही वर्षांत भिंगे सुधारली, रसायने सुधारली आणि हा वेळ मिनिटाच्या आत आला. तरी मोठ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत, म्हणजे डोके हलू नये. जुन्या फोटोतली माणसे इतकी करारी का दिसतात, असे मुले मला विचारतात. मी सांगतो, बाबांनो, करारीपणा काही अंशी त्या टेकूचाही आहे!

आता बाळाला टेकू कसा लावणार? मग युरोप-अमेरिकेतल्या फोटोवाल्यांनी एक शक्कल काढली. आईलाच खुर्चीवर बसवायचे, तिच्या अंगावर चादर किंवा पडद्याचे कापड टाकून तिला पुरती झाकायची, आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचे. बाळ आईच्या हातात म्हणून शांत राही, आणि फोटोत मात्र जणू एखाद्या सजवलेल्या खुर्चीवर बसलेले दिसे. असे शेकडो फोटो आज संग्रहालयांतून आहेत. नीट पाहिले की चादरीचा आकार खांद्यासारखा दिसतो, कुठे कापडातून हात बाहेर आलेला दिसतो. ज्या हातांनी बाळाला सांभाळले, तेच हात फोटोतून पुसले गेले!

याहून दुःखाची गोष्ट सांगतो. त्या काळातले बाळांचे जे फोटो अगदी रेखीव आले आहेत, त्यांतले पुष्कळ फोटो मेलेल्या बाळांचे आहेत. बालमृत्यू तेव्हा तिकडेही घरोघरी होते. जिवंतपणी फोटो काढायची ऐपत किंवा सवड झालेली नसे. बाळ गेल्यावर निदान आठवण राहावी म्हणून आईबाप फोटोवाल्याला बोलावत. ते बाळ हलत नसे. यंत्राला हवी ती संपूर्ण स्थिरता त्याच्यापाशीच होती. धारणीच्या आजीची भीती किती खरी होती, ते मला हे फोटो पाहून कळले.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. १८५१ साली इंग्लंडात आर्चरने काचेवर ओला लेप देऊन फोटो काढण्याची पद्धत शोधली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते. पण ती ओली काच मोठी हट्टी. लेप वाळण्याच्या आत फोटो काढून तो धुवायचाही. आपल्या उन्हाळ्यात तर ती भराभर वाळे. लेपात ईथर, धुण्याच्या द्रावणात पुष्कळदा सायनाइडसारखे विष. अशा खोलीत बाळंतीण आणि तान्हे मूल कोण घेऊन येणार? त्यातून परक्या पुरुषासमोर बसण्याचा संकोच. राजा दीनदयाळ या प्रसिद्ध छायाचित्रकाराने १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंकडे सोपवला, यावरून त्या अडचणीची कल्पना येईल.

आपल्या लोकांच्या मनात आणखी एक भीती होती. फोटो काढला की आयुष्य कमी होते! चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके प्रथम फोटोचा धंदा करत. गोध्र्याला त्यांनी दुकान घातले. १९०० सालच्या सुमारास प्लेगाने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे बडोद्यात त्यांनी पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी आवई गावभर झालेली. धंदा चालला नाही. विचार करा, ज्याचे स्वतःचे लेकरू प्लेगाने नेले, त्याच्याच यंत्राला लोक जीवघेणे म्हणत होते. खरा मारेकरी रोग होता, आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी आला.

आता या समजुतीला आपण नुसते हसून सोडायचे का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे बाळाला सव्वा महिना घराबाहेर काढत नसत. कारण सांगत, दृष्ट लागेल. कारण चुकीचे होते, पण परिणाम? बाळ उबेत राही, आईजवळ राही, आल्यागेल्याचा खोकला-पडसे त्याला कमी लागे. त्याच बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडत, पहिले चिकाचे दूध फेकून देत. ते घातकच होते, ते सोडलेच पाहिजे. पण ऊब आणि एकांत सोडण्याचे काही कारण नव्हते. जुन्या रीतीतले निवडून घ्यावे लागते, धान्य पाखडल्यासारखे.

इकडे यंत्र मात्र सुधारत गेले. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची युक्ती सांगितली, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत फोटो सेकंदाच्याही अंशात निघू लागला. बाळाने पाय झाडला तरी बिघडेना. झाकलेल्या आईची गरज संपली. पण उजेडाचा प्रश्न उरला. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भडका उडवणारी पावडर निघाली. तिचा लख्ख उजेड पडे, पण मोठा आवाज, ठिणग्या आणि पांढऱ्या धुराचा लोट! फोटोवाल्यांचे हात भाजत. बाळाची काय कथा? पुढे १९२९ च्या सुमारास काचेच्या बंद बल्बमध्ये तो भडका कोंडला गेला, आणि १९३१ साली अमेरिकेत एजर्टन यांनी विजेचा क्षणिक चमकारा तयार केला. धूर गेला, आग गेली. म्हणजे बघा, ज्या यंत्रापुढे बाळाला निजवावे, दाबावे, झाकावे लागे, ते यंत्र नव्वद-शंभर वर्षांत बाळाच्या सोयीचे झाले.

याच काळात पॅरिसमध्ये डॉक्टर लोक दुसऱ्याच गोष्टीचा माग काढत होते. १८८० च्या सुमारास तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊबपेटी वापरात आणली. त्यांचे शिष्य ब्युदँ यांनी बाळांच्या अंगाचे तापमान आणि त्यांचे जगणे-वाचणे यांची नोंद ठेवली आणि दाखवून दिले की गार पडलेली बाळे फार मोठ्या संख्येने दगावतात. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हरमन यांनी सिद्ध केले की अगदी लहान बाळांची ऊब नुसती काही अंश वाढवली तरी जास्त बाळे वाचतात. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात ऊबपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगितले. आज जगभरचे डॉक्टर तेच सांगतात. धारणीच्या आजीने हे पुस्तक वाचलेले नव्हते. तिने ते आपल्या पदराआड करून दाखवले.

बाळ इतक्या चटकन गार का पडते, हेही समजून घेऊ. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यातून डोके तर फारच मोठे. कातडी पातळ, कातडीखाली चरबी थोडी. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्याने ऊब येते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. ते आधी रडते, हातपाय झाडते, आणि ती शक्ती संपली की गप्प होते, दूध ओढेनासे होते. काखेतले तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियस हवे. त्याखाली गेले की ऊब देण्याची वेळ झाली.

आपल्या विदर्भातच याचा मोठा पडताळा आला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, न्यूमोनिया व जंतुदोष ओळखणे शिकवले. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतघरी जाऊन हे काम करू लागल्या. मेळघाटचे दुःख तर आपल्याला ठाऊकच आहे. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी आपली उमेद या डोंगरात घातली. इतक्या कष्टाने एकेक लेकरू वाचवायचे, आणि ते फोटोच्या हौसेपायी गार पडू द्यायचे, हा कोणता हिशेब?

आणि गोष्ट हौसेचीच आहे, गरजेची नव्हे. १९९० नंतर ॲन गेडिस या ऑस्ट्रेलियन बाईंचे फोटो जगभर गाजले. फुलात बाळ, कुंडीत बाळ. १९९६ साली निघालेले त्यांचे पुस्तक घरोघर गेले, आणि तशा फोटोंची लाट आली. पण जाणत्या फोटोवाल्यांच्या कामामागची गोष्ट आपल्या मोबाईलवर दिसत नाही. हाताच्या घडीवर हनुवटी टेकून डोके वर उचललेले बाळ आपण पाहतो ना? ते एका फोटोत निघत नाही. एकदा कोणीतरी बाळाचे डोके धरून ठेवतो, दुसऱ्यांदा त्याचे हात धरून ठेवतो. मग दोन फोटो जोडून धरणारे हात पुसून टाकतात. खोलीही खास उबदार केलेली असते. हे न जाणता नुसते चित्र पाहून नक्कल केली, तर बाळाची मान लचकेल, किंवा हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट आवळेल. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आईला चादरीखाली झाकत, आज तिचा हात संगणकावर पुसतात. युक्ती तीच. फरक इतकाच, की तेव्हा यंत्राची अडचण होती. आज यंत्राला काहीच नको आहे, आपल्यालाच ते चित्र हवे आहे.

मग बाळाचा फोटो काढूच नये का? अवश्य काढावा. आईबापांची ती मोठी ठेव असते. फक्त काही पथ्ये पाळावीत. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, अडीच किलोहून कमी वजनाचे असेल, किंवा आजारी असेल, तर दुकानात नेऊच नये. घरी आईच्या मांडीवर फोटो काढावा. आधारचीही घाई नको. पाच वर्षांखालच्या मुलाचा नुसता चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे घेत नाहीत. तो ऊन पडल्यावर, बाळ जरा बाळसे धरल्यावर काढता येतो. दुकानात नेलेच तर पंखा-कूलर बंद, दाराची फट बंद, खोली निदान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांइतकी उबदार. पण त्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा विषारी वायू नाकाला कळत नाही. कपडे काढण्याचा हट्ट नको. टोपडे-झबले घातलेले बाळ काही कमी गोजिरे दिसत नाही.

फोटोवाल्याने हात साबणाने धुवावेत, अंगठी-कडे काढून ठेवावे. पडसे-खोकला असेल तर त्या दिवशी बाळाजवळ जाऊच नये. बाळाला टेबलावर, उंच टोपलीत, काचेच्या भांड्यात ठेवू नये. ते जोराच्या आवाजाने किंवा झटक्याने दचकते, दोन्ही हात फेकते आणि कडेवरून घसरू शकते. जमिनीवर जाड गादी घालावी, आणि मोठ्या माणसाचा हात वीतभर अंतरावर सतत असावा. नाक-तोंड मोकळे, हनुवटी छातीपासून सुटी. साध्या फ्लॅशने डोळे जातात असे डॉक्टर मानत नाहीत. पण बाळ दचकते, म्हणून खिडकीचा मऊ उजेड उत्तम. डोळ्यांत काजळ नको. आणि बाळ रडता रडता एकदम मलूल झाले, तळपाय गार लागले, की कॅमेरा खाली ठेवावा, बाळ आईच्या छातीशी द्यावे. तरी ते दूध ओढेना, ओठ निळसर दिसले, तर १०८ नंबरला फोन करून दवाखाना गाठावा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. वर्गातल्या मुलांना घरातला सगळ्यात जुना, लहान बाळाचा फोटो पाहून यायला सांगा. बाळ कोणाच्या मांडीवर आहे? कडेला कोणाचा हात दिसतो? काकणे कोणाची? मुले घरी विचारतील, आणि आजी-आजोबा बोलू लागतील. इतिहासाचा एक चांगला तास होईल.

असो. धारणीच्या त्या दुकानात पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन दिवसांनी मी माझ्या फोटोसाठी पुन्हा गेलो. फोटोवाल्याने मला पाहिले आणि न विचारता एक फोटो पुढे केला. टोपली नाही, कागदी फुले नाहीत. खिडकीच्या उजेडात आजी बसली आहे, पदरातून टोपड्यातले इवलेसे तोंड बाहेर आले आहे, आणि ते जोरात रडते आहे. पायाकडचा भाग थोडा हललेला आहे.

"सर, हलला जरा," तो ओशाळून म्हणाला.

मी म्हटले, "हलू द्या. जिवंत बाळाचा फोटो असाच असतो."